घरीं परतलेला कॅमेरा

विजयादशमीला महाराष्ट्रांत हत्यारांची पूजा होते. सुतार आपली करवत आणि रंधा पाटावर मांडतो, शिंपी शिवणयंत्राला हार घालतो, शेतकरी नांगराच्या फाळाला कुंकू लावतो. गेल्या कांहीं वर्षांत त्याच पाटावर कॅमेराही येऊन बसूं लागला आहे. त्याच्यावर झेंडूचें फूल वाहतात, हळदकुंकवाचीं बोटें उमटवितात, आणि ती हळदीची पूड बटनांच्या फटींत जाऊन बसते. पूजा मनोभावें झालेली असते, यांत शंका नाहीं. परंतु वर्षाच्या उरलेल्या ३६४ दिवसांत त्या यंत्राची निगा कशी राखावयाची, हें पूजा करणाऱ्यास बहुधा कोणीं सांगितलेलें नसतें.

सुतार काम संपतांच करवतीला तेलाचा हात फिरवितो. न्हावी वस्तरा पुसल्यावांचून मिटत नाहीं. हें शहाणपण त्यांना पुस्तकांतून मिळालेलें नाहीं. बापाच्या हातून मुलाच्या हातांत तें आपोआप आलेलें आहे. डिजिटल कॅमेऱ्याला अशी परंपरा लाभावयास अजून अवकाश आहे. अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरानें असा पहिला कॅमेरा तयार केला तो १९७५ सालीं. त्याचें वजन सुमारें ३.६ किलो होतें, आणि एक चित्र फितीवर उतरवावयास त्यास २३ सेकंद लागत. म्हणजे या यंत्राचें वय अवघें अर्ध्या शतकाचें. सामान्य गृहस्थाच्या हातीं तर तें वीस-पंचवीस वर्षांपूर्वींच आलें. त्यामुळें तें वापरावें कसें, हें पुष्कळांना ठाऊक असतें. वापरून घरीं आणल्यावर त्याचें काय करावें, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. आणि कॅमेऱ्याचें आयुष्य बरेंचसें या दुसऱ्या गोष्टीवरच अवलंबून असतें.

रत्नागिरी जिल्ह्यांतील समुद्रकांठच्या एका गांवची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. तेथील एका तरुणानें लग्नकार्यांतील छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. पतपेढीचें कर्ज काढून त्यानें एक कॅमेरा व दोन भिंगें घेतलीं. त्याच्या चुलत्यांचा तालुक्याच्या गांवीं एके काळीं फोटो स्टुडिओ होता. फिल्मचे दिवस सरले तसा तोही बंद झाला होता. मे महिन्याच्या अखेरीस त्या तरुणानें एका वधूवरांचीं छायाचित्रें संध्याकाळच्या वेळीं किनाऱ्यावर घेतलीं. वारा सुटला होता, लाटांचे तुषार येत होते, वाळू उडत होती. चित्रें उत्तम आलीं. रात्रीं घरीं येऊन त्यानें खिशांतल्या रुमालानें कॅमेरा खसखसून पुसला, बॅगेंत घातला आणि बॅग कपाटांत ठेवून दिली. लग्नांचा हंगाम संपला होता आणि पुढें पावसाळा होता. ती बॅग पुन्हां उघडली गणेशोत्सवाच्या आदल्या आठवड्यांत.

उघडून पाहतो तों बटनांच्या कडेनें पांढरी खार धरलेली. बॅटरीच्या घरांतील धातूच्या एका पट्टीवर हिरवट गंज चढलेला. भिंगाच्या पुढच्या कांचेवर केसासारखे बारीक ओरखडे. आणि तेंच भिंग उजेडासमोर धरतांच आंत कोळ्याच्या जाळ्यासारखें कांहीं पसरलेलें दिसलें. यंत्र सुरू झालें खरें. परंतु आकाशाच्या प्रत्येक चित्रांत, नेमके त्याच ठिकाणीं, तीन करडे ठिपके येऊं लागले. गणपतीच्या दिवसांतील तीन कामें त्यानें आगाऊ पैसे घेऊन ठरविलेलीं होतीं. तो कॅमेरा घेऊन चुलत्यांकडे गेला.

“काका, हा पाण्यांत पडला नाहीं, हातांतून निसटला नाहीं,” तो म्हणाला. “तीन महिने तर कपाटाबाहेरही काढला नव्हता. मग त्या दिवशीं किनाऱ्यावर असें झालें तरी काय?”

काकांनीं भिंग उजेडासमोर धरून पाहिलें. “अरे, किनाऱ्यावर फारसें कांहीं झालें नाहीं,” ते म्हणाले. “जें झालें तें घरीं आल्यावर झालें, रुमालानें झालें आणि कपाटांत झालें.”

या उत्तरांत विषयाचें सर्व सार आलें आहे. बाहेर नेलेला कॅमेरा तीन वस्तू अंगावर घेऊन घरीं येतो: धूळ, मीठ आणि ओलावा. त्या नुसत्या येऊन बसल्यानें फारसें बिघडत नाहीं. बिघडतें तें त्या तशाच राहूं दिल्यानें, किंवा काढतांना घाई केल्यानें. घाईनें ओरखडे पडतात. आळसानें गंज चढतो व बुरशी धरते. त्या तरुणाच्या हातून एकाच रात्रीं दोन्ही गोष्टी घडल्या.

प्रथम धुळीचा विचार करावयाचा. धुळीचा कण डोळ्यांना मऊ दिसतो, पण तो मऊ नसतो. किनाऱ्यावरच्या वाळूंत गारगोटीचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा सांगणारी मोस यांची जी श्रेणी आहे, तींत हिरा १० वर आणि गारगोटी ७ वर आहे. साधी कांच साडेपांचाच्या आसपास येते. अधिक कठीण पदार्थ कमी कठीण पदार्थाला ओरखडतो, हा साधा नियम आहे. तेव्हां वाळू बसलेल्या कांचेवर रुमाल दाबून फिरविणें म्हणजे तिच्यावर पॉलिशपेपर फिरविण्यासारखेंच आहे. भिंगाच्या कांचेवर तर उजेडाचें परावर्तन कमी करणारे अत्यंत पातळ लेप दिलेले असतात. त्यांवर पडलेला ओरखडा पुन्हां भरून निघत नाहीं.

म्हणून क्रम असा कीं, आधीं फुंकावें, मग झटकावें, आणि अगदीं शेवटीं पुसावें. फुंकण्यासाठीं रबरी फुग्याची फुंकणी मिळते. छायाचित्रकार तिला ब्लोअर म्हणतात. कॅमेरा खालच्या बाजूस कलता धरून ती दाबावी, म्हणजे सुटलेली धूळ जमिनीवर पडेल, दुसऱ्या फटींत शिरणार नाहीं. तोंडानें फुंकूं नये. फुंकरीबरोबर थुंकीचे सूक्ष्म तुषार जातात, आणि त्यांचे डाग धुळीहून चिवट असतात. दाबलेल्या हवेचे डबेही टाळावे. डबा तिरपा झाला कीं आंतील द्रव थंडगार फवाऱ्यासारखा बाहेर पडतो आणि कांचेवर डाग पाडतो.

फुंकून झाल्यावर मऊ केसांचा कुंचला घ्यावा. बटनांच्या कडा, फिरत्या चकत्यांच्या खांचा, वरच्या बाजूची फ्लॅश बसविण्याची पट्टी, पट्टा अडकविण्याच्या कड्या, बॅटरीच्या दाराची फट, यांवरून तो हलकेंच फिरवावा. हा कुंचला याच कामासाठीं निराळा ठेवावा, आणि त्याच्या केसांना बोट लावूं नये. बोटाचें तेल केसांवरून कांचेवर जातें. त्यानंतर मायक्रोफायबरचें स्वच्छ फडकें घ्यावें. तें वेळोवेळीं साध्या साबणानें धुवावें. कपडे मऊ करण्यासाठीं जें द्रावण वापरतात, तें या फडक्यास लावूं नये. त्याचा थर पुसतांना कांचेवर उतरतो. सदऱ्याचें टोक, साडीचा पदर, टॉवेल आणि कागदी रुमाल हे हाताशीं असतात म्हणून त्यांचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. शाळेंतला फळा आधीं न झटकतां ओल्या फडक्यानें पुसला म्हणजे खडूचा पांढरा राप सगळीकडे पसरतो, हें प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतें. कॅमेऱ्यावरची धूळ न उडवितां ओलें फडकें फिरविलें म्हणजे तसाच राप होतो, आणि तो फटींत जाऊन वाळतो.

माणसाचा हातही कॅमेऱ्यावर कांहीं ना कांहीं ठेवून जातो. घाम व अंगाचें तेल हें नेहमींचें आहे. पण रानांत जातांना डास व किडे यांपासून बचाव म्हणून जीं मलमें लावतात, त्यांपैकीं कित्येकांत डीट नांवाचें द्रव्य असतें. तें कांहीं जातींच्या प्लॅस्टिकला विरघळवितें. असा हात कॅमेऱ्याच्या मुठीवर दिवसभर राहिला तर तेथील पृष्ठभाग खराब होतो. म्हणून मलम लावल्यावर तळहात धुवून मगच कॅमेरा हातीं घ्यावा, आणि घरीं आल्यावर मूठ किंचित् ओलसर फडक्यानें पुसून लगेच कोरडी करावी. थिनर, पेट्रोल अथवा रॉकेल यांचा थेंबही कॅमेऱ्यास लावूं नये.

मिठाची गोष्ट धुळीहून वेगळी आहे, कारण तें फुंकून जात नाहीं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटेचा तुषार कॅमेऱ्यावर बसतो, पाणी उडून जातें आणि मीठ मागें राहतें. कोरड्या हवेंत कोरडें मीठ धातूला फारसा उपद्रव देत नाहीं. परंतु हवेंतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली कीं मीठ हवेंतील पाणी ओढून घेतें आणि स्वतःच त्यांत विरघळूं लागतें. कोंकणांतल्या गृहिणीस हें समजावून सांगावयास नको. पावसाळ्यांत मिठाच्या बरणीला पाणी सुटतें तें यामुळेंच. जुलै महिन्यांत कोंकणच्या किनाऱ्यावर सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्याही वर असते. म्हणजे त्या तरुणाच्या कपाटांत मे महिन्याच्या एका संध्याकाळचें मीठ पावसाळाभर पाणी पीत होतें, आणि तें खारें पाणी फटींतून विजेच्या पट्ट्यांपर्यंत पोंचत होतें. पट्टीवर चढलेला हिरवट गंज हा त्या संध्याकाळचा नव्हता. तो जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांचा होता.

मीठ काढावयास गोडें पाणीच लागतें. अल्कोहोलनें पुसल्यास मीठ निघेल, ही समजूत चुकीची आहे. मीठ अल्कोहोलांत जवळजवळ विरघळत नाहीं. किनाऱ्यावरून आल्यावर कॅमेरा बंद करावा, सर्व दारें घट्ट लावलेलीं आहेत हें पाहावें, भिंग काढूं नये. फुंकणी व कुंचला यांनीं वाळू काढून टाकावी. मग स्वच्छ फडकें गोड्या पाण्यांत भिजवून इतकें पिळावें कीं त्यांतून थेंब गळतां कामा नये. त्यानें सर्व अंग पुसावें, प्रत्येक वेळीं फडक्याची नवी घडी पुढें घ्यावी, आणि लागलीच कोरड्या फडक्यानें ओल टिपावी. फडकें धुवून हाच क्रम पुन्हां एकदां करावा. कारण पहिल्या फडक्यानें मीठ विरघळतें, आणि दुसऱ्यानें तें निघून जातें. कॅमेऱ्याचा पट्टा निराळा काढून पाण्यांत बुचकळून धुतला तरी चालतो. पट्ट्यांत मुरलेलें मीठ पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं. कॅमेरा मात्र नळाखालीं धरूं नये.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. वरच्या प्रतीच्या कांहीं कॅमेऱ्यांच्या सांध्यांत रबराच्या बारीक पट्ट्या बसविलेल्या असतात, आणि असा कॅमेरा पाऊसधूळ सोसतो असें जाहिरातींत म्हटलेलें असतें. ही सोय खरी आहे, परंतु तिची मर्यादाही तितकीच खरी आहे. पावसाचे शिंतोडे तेवढे ती अडविते. पाण्यांत बुडणें तिला सोसत नाहीं. शिवाय भिंगालाही तशीच पट्टी असेल तरच भिंगाचा सांधा राखला जातो. रबर वर्षें लोटतां कडक होतें, आणि त्या पट्टीखालीं वाळूचा एक कण अडकला तरी तेथून पाण्याला वाट मिळते. म्हणून असा कॅमेरा असणारानेंही घरीं आल्यावरचीं कामें चुकवूं नयेत.

तिसरा शत्रू ओलावा. तो दोन वाटांनीं येतो: एक पावसाची, जी दिसते, आणि दुसरी वाफेची, जी दिसत नाहीं. मुंबई-पुण्याहून कोंकणांत जाणारी मंडळी गार हवेच्या मोटारींतून उतरतात आणि लगेच कॅमेरा बाहेर काढतात. कॅमेरा थंड असतो, बाहेरची हवा गरम व दमट असते. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून दंव सांठतें, तसें तें कॅमेऱ्यावर, कांचेवर आणि कधीं कधीं आंतही सांठतें. तें पुसून उपयोग नाहीं, कारण कॅमेरा थंड असेपर्यंत तें पुन्हां येत राहतें. उपाय सोपा आहे. मोटारींतून उतरण्यापूर्वीं कॅमेरा तोंड बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवींत घालावा आणि पिशवी बाहेर आणून अर्धा तास तशीच ठेवावी. दंव पिशवीवर धरेल, कॅमेऱ्यावर नाहीं. तो बाहेरच्या हवेइतका उबदार झाला कीं खुशाल काढावा. गार हवेच्या खोलींत शिरतांना भीति कमी असते. तेथून दमट हवेंत निघतांना ती अधिक असते.

ओलावा फार दिवस राहिला म्हणजे बुरशी धरते. तिचे बीजकण हवेंत सर्वत्र असतात, त्यांना अडवितां येत नाहीं. अंधार, स्तब्ध हवा, बोटाच्या तेलाचा अथवा धुळीचा किंचित् थर, आणि बरेच दिवस टिकणारी दमट हवा, एवढें मिळालें कीं भिंगाच्या कांचेवरही बुरशी वाढते. ती जीं आम्लें सोडते, तीं कांचेवरचा लेप आणि शेवटीं कांचसुद्धां खातात. बंद बॅग बुरशीला फार मानवते. तिच्या अस्तरांतला स्पंज पावसाळ्यांतला ओलावा धरून ठेवतो. म्हणून बॅग ही प्रवासापुरती समजावी. कॅमेऱ्याचें घर म्हणून ती योग्य नव्हे. पावसांतून आल्यावर तीही रिकामी करून, उलटी करून, पंख्याखालीं वाळवावी.

कॅमेरा ठेवावयाचा कोठें? रबराची कडा असलेला, हवाबंद झांकणाचा प्लॅस्टिकचा डबा सर्वांच्या आवांक्यांतला आहे. त्यांत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखविणारें एक लहानसें घड्याळी यंत्र ठेवावें. कांटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असणें चांगलें. साठाच्या वर जाऊं लागला कीं जेल ओलें झालें असें समजावें. रंग बदलणारें जेल घेतल्यास तें स्वतःच सांगतें. नारिंगी दाणे हिरवे होतात. असे दाणे विकणाऱ्याच्या सूचनेप्रमाणें तापवून पुन्हां कोरडे करतां येतात. जेलचे दाणे सुटे ठेवूं नयेत, कारण त्यांचा भुगा होतो आणि तीही धूळच. ज्यांचीं यंत्रें पुष्कळ आहेत त्यांच्यासाठीं विजेवर चालणारीं कोरडीं कपाटें मिळतात. मात्र कोरडेपणाचाही अतिरेक नको. फार कोरड्या हवेंत रबर आणि वंगण यांस अपाय होण्याचा संभव असतो. आणि डबा कितीही चांगला असला तरी पावसाळ्यांत पंधरा दिवसांनीं एकदां कॅमेरा बाहेर काढावा, चालू करावा, दहापांच चित्रें घ्यावीं. वापरांतल्या यंत्राकडे माणसाचें लक्ष राहतें, आणि दोष असल्यास तो लवकर सांपडतो.

कॅमेऱ्यांत पाणी शिरलेंच, तर पहिली गोष्ट म्हणजे तो बंद करून बॅटरी व मेमरी कार्ड काढणें. “चालतो का पाहूं” म्हणून पुन्हां चालू करणें हीच मोठी चूक होय. ओल्या पट्ट्यांतून वीज गेली म्हणजे आंतील मंडलें जळतात. बाहेरची ओल टिपून, दारें उघडीं ठेवून, तो पंख्याच्या वाऱ्यांत व नंतर सिलिका जेलच्या डब्यांत ठेवावा. तांदुळांत पुरण्याचा उपाय सर्वतोमुखीं झाला आहे, पण त्यांत लाभ नाहीं. तांदूळ ओलावा सावकाश ओढतात आणि त्यांचा कोंडा फटींत शिरतो. केस वाळविण्याचें यंत्रही वापरूं नये. त्याचा गरम झोत पाणी बाहेर काढण्याऐवजीं आणखी आंत ढकलतो. कडक उन्हांतही ठेवूं नये. पाणी समुद्राचें असेल तर वाळण्याची वाट न पाहतां शक्य तितक्या लवकर जाणत्या दुरुस्तीकाराकडे न्यावें. कारण वाळल्यानें पाणी जातें, मीठ जात नाहीं.

आतां राहिले चित्रांतील ते तीन ठिपके. त्यांनीं काकांनाही विचारांत पाडलें, कारण त्यांच्या स्टुडिओंतील तीस वर्षांत असा प्रकार त्यांनीं पाहिला नव्हता. फिल्मच्या कॅमेऱ्यांत प्रत्येक चित्रासाठीं फिल्मचा नवा तुकडा पुढें येई. एका तुकड्यावर धूळ बसली तर ती त्या तुकड्याबरोबर पुढें सरके. डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं सेन्सर असतो, आणि तो कधींच बदलत नाहीं. आज बसलेला कण उद्यांच्या, परवांच्या, पुढच्या वर्षींच्या चित्रांतही तेथेंच दिसतो. फिल्म जणूं कोऱ्या वहीसारखी होती, सेन्सर पाटीसारखा आहे. पाटी पुसल्यावांचून नवें लिहितां येत नाहीं. मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो. तेवढ्यांत दोन कोटी चाळीस लक्ष प्रकाशग्राही बिंदू असतील, तर प्रत्येकाची रुंदी सुमारें ६ मायक्रॉन भरते. माणसाचा केस त्याच्या दहापट जाड असतो. म्हणून डोळ्यांना न दिसणारा कणही चित्रांत दिसतो.

हे कण बहुधा भिंग बदलतांना शिरतात. तेव्हां बाहेर भिंग शक्यतों बदलूं नये. बदलावेंच लागलें तर कॅमेरा बंद करून, वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचें तोंड खालीं धरून बदलावें. त्यापूर्वीं सांध्याभोंवतालची धूळ फुंकणीनें उडवावी. अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढची कांच स्वतःच अतिशय जलद कंप पावून धूळ झटकते. ही युक्ति ऑलिंपस कंपनीनें २००३ च्या आपल्या ई-१ या कॅमेऱ्यांत प्रथम आणली. तेवढ्यानें काम भागलें तर उत्तम. न भागल्यास भिंगाचें छिद्र १६ या आंकड्यावर आणून स्वच्छ आकाशाचें अथवा पांढऱ्या भिंतीचें एक चित्र घ्यावें, आणि ठिपके कोठें आहेत तें पाहावें. सेन्सरवर चित्र उलटें पडतें. त्यामुळें चित्रांत वरच्या बाजूस दिसणारा ठिपका सेन्सरच्या खालच्या बाजूस असतो. मग पुरती भरलेली बॅटरी घालून, यंत्रांतील सेन्सर साफ करण्याची सोय निवडून, फुंकणीचें टोंक आंत न घालतां बाहेरूनच हवा मारावी. बॅटरी मध्येंच संपली तर पडदा मिटतो आणि आंत गेलेल्या टोंकावर आदळतो, एवढें ध्यानांत असावें. ज्या कॅमेऱ्यांत आरसा असतो तेथें आरशाला कधींही पुसूं नये. घरच्या आरशाचा चकाकता थर कांचेमागें असतो, कॅमेऱ्याच्या आरशाचा तो पुढच्या पृष्ठावर असतो. पडद्याच्या पात्यांनाही बोट लावूं नये. हवेनें न जाणारा कण काढणें हें शिकलेल्या हाताचें काम आहे, आणि त्यासाठीं दुरुस्तीकारास चार पैसे देण्यांत कमीपणा नाहीं.

उलटपक्षीं, स्वच्छतेचा ध्यासही एका मर्यादेबाहेर जाऊं नये. भिंगाच्या पुढच्या कांचेवर दोनचार धुळीचे कण असले तर ते चित्रांत दिसत नाहींत. त्यांच्यासाठीं दिवसांतून दहा वेळां कांच पुसणारा मनुष्य धुळीपेक्षां अधिक नुकसान करतो. जेथें फुंकून भागतें तेथें पुसूं नये, आणि जेथें कोरडें भागतें तेथें ओलें करूं नये.

या सर्व खटाटोपास वेळ लागतो तो फार तर अर्धा तास. अडचण वेळेची नसते, अडचण असते ती त्या घटकेची. दिवसभर डोंगर चढून अथवा लग्नांत उभें राहून माणूस थकून घरीं येतो. जेवावें आणि निजावें असें त्यास वाटतें. “उद्यां पाहूं” हे शब्द त्याच वेळीं तोंडीं येतात. त्या रात्रीं निदान तीन कामें करावीं: बॅगेंतून कॅमेरा बाहेर काढावा, फुंकणीनें वाळू उडवावी, आणि समुद्रावरून आला असल्यास ओलसर फडक्यानें मीठ काढून तो कोरडा करावा. बाकीचें सकाळीं केलें तरी चालेल.

त्या तरुणाचा कॅमेरा पुढें दुरुस्त झाला. पट्टीवरचा गंज खरवडून काढावा लागला, सेन्सर साफ झाला, बटनें मोकळीं झालीं. भिंग मात्र वांचलें नाहीं. बुरशी निघाली, परंतु तिनें खाल्लेल्या लेपाची नक्षी कांचेवर राहून गेली, आणि उजेडासमोरचें प्रत्येक चित्र धुकट येऊं लागलें. गणपतींतील तीन कामें त्यानें दुसऱ्याचा कॅमेरा भाड्यानें आणून पुरीं केलीं. आगाऊ घेतलेले पैसे भाड्यांत गेले, आणि पतपेढीचा त्या महिन्याचा हप्ता काकांनीं भरला. लग्नाचें छायाचित्र दुसऱ्यांदा काढतां येत नाहीं, म्हणून लोक छायाचित्रकाराच्या हातांइतकाच त्याच्या यंत्रावर विश्वास टाकतात. तो विश्वास तेवढा त्यानें राखला.

त्या वर्षींच्या दसऱ्याला त्याच्या घरीं पाट मांडला गेला. त्यावर हवाबंद डबा होता आणि डब्यांत कॅमेरा होता. आईनें हळदकुंकवाचें बोट डब्याच्या झांकणाला लावलें आणि झेंडूचें फूल झांकणावर वाहिलें. कॅमेऱ्याची खरी पूजा आदल्या रात्रींच, फुंकणी आणि कुंचला घेऊन, होऊन गेली होती.